टेबलावर राहिलेला जिवाणू

कालवडीला आयुष्यात एकदाच टोचायची एक लस असते, गाई गाभडवणाऱ्या आजारावरची. वय ४ ते ८ महिने, आणि तेही फक्त मादी वासराला. खोंडाला ती देत नाहीत, कारण त्याच्या वृषणाला सूज येऊ शकते. गाभण गाईला दिली तर गाभ जायची भीती. तेवढे महिने हुकले की ती कालवड राहिलीच. वाळवा तालुक्यातल्या माझ्या माहेरी, दादाच्या गोठ्यात ही लस टोचली जात असताना मी मुद्दाम जवळ उभी राहिले होते. सांगलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना जे फळ्यावर लिहिते, ते इथे शेणामुताच्या वासात प्रत्यक्ष घडत होतं.

डॉक्टरांनी गाडीवरून उतरल्या उतरल्या विचारलं, "घरात कुणी गरोदर बाई आहे का? असेल तर लांब थांबू दे." वहिनीने नाही म्हणून सांगितलं आणि वर विचारलं, "का हो? लस तर वासराची आहे." "वासराचीच आहे, पण जिवंत आहे," ते म्हणाले. मग हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, बर्फाच्या डब्यातून बाटली काढली. तळाशी पांढरी वडी चिकटलेली होती. त्यात सोबतचं द्रावण सोडून त्यांनी बाटली हातात हळूहळू फिरवली, खळखळून हलवली नाही. दादाने कालवडीला दाव्याला आखडून धरलं, डॉक्टरांनी मानेजवळची कातडी चिमटीत उचलली आणि सुई आत गेली. मी बघत होते ते पुढचं. रिकाम्या सुईवर त्यांनी टोपण परत बसवलं नाही. ती तशीच जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकली. टोपण बसवतानाच सुई बोटात घुसते, आणि या एका लसीच्या बाबतीत बोटात घुसलेली सुई म्हणजे आजाराला आमंत्रण. मग कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर मोबाइलमध्ये भरून ते शेजारच्या गोठ्याकडे गेले.

आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. सरकारी पत्रकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गोठ्यात त्याला नावच नसतं. "सातव्या महिन्यात गाय गाभडली" एवढंच बोललं जातं आणि नजर, ऊन, पेंड यांपैकी कशावर तरी खापर फुटतं. वार अडकते, पुढे गाय उलटत राहते. आमच्या भागात उसाचं बिल कधी निघेल ते कारखाना जाणे, दुधाचं मात्र दर दहा दिवसांनी हातात येतं. किराणा, पोरांची फी, दवाखाना त्यावरच चालतो. गाय गाभडली की हे सगळं अडतं. आणि पडलेला गाभ, अडकलेली वार उघड्या हाताने ओढणाऱ्या माणसालाही हाच जंतू लागतो. ताप चढतो-उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते, सांधे धरतात. टायफॉइडची तपासणी होते, मलेरियाची होते, आणि गोठ्यात काय घडलं होतं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. निदान झालं तर डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन अशी दोन औषधं दीड महिना घ्यावी लागतात. जनावरांतला हा रोग आटोक्यात आणायचा तर कालवडींना लस देण्यावाचून गत्यंतर नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताच्या जोडीला ब्रुसेलोसिस घेतला तो यासाठीच.

पण मला या लसीबद्दल सांगायचंय ते वेगळं. या लसीतल्या जिवाणूला एस-१९ म्हणतात. १९२३ साली अमेरिकेत जॉन बक या संशोधकाने एका जर्सी गाईच्या दुधातून तो वेगळा काढला. तेव्हा तो चांगलाच रोगकारक होता. मग त्याची नळी प्रयोगशाळेत तशीच, साध्या खोलीच्या तापमानाला, वर्षाहून जास्त काळ राहून गेली. पुन्हा तपासलं तेव्हा त्याची रोग करण्याची ताकद ओसरली होती, पण प्रतिकारशक्ती जागी करण्याचा गुण टिकून होता. जगभरातल्या कोट्यवधी गाईंना वाचवणारी लस अशी, टेबलावर पडून राहिलेल्या नळीतून आली. कुणी ती घडवली नव्हती.

ती दुबळी का झाली, याचं उत्तर शोधायला पुढे कित्येक दशकं लागली. गाभण गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखरेसारखी एक वस्तू भरपूर असते. ब्रुसेलाला ती फार आवडते, म्हणून तर तो नेमका तिथे जाऊन साठतो आणि गाभ पडतो. एस-१९ च्या जनुकांत नेमका ही वस्तू पचवण्याच्या भागातला ७०२ अक्षरांचा तुकडा गळून गेलेला आढळला. एरिथ्रिटॉल दिसलं की हा जिवाणू वाढण्याऐवजी अडखळतो. ऐकायला किती सुबक उत्तर आहे! पण संशोधकांनी मूळच्या तगड्या ब्रुसेलामधली हीच वाट मुद्दाम बंद करून पाहिली, तर तेवढ्याने तो उंदरांत दुबळा झाला नाही. म्हणजे त्या नळीत आणखीही काही बिघडलं होतं.

मी याच प्रश्नाला चिकटून बसलेली बाई आहे. जिवाणू दुबळा आहे एवढ्याने माझं समाधान होत नाही. तो का दुबळा आहे हे ज्याला सांगता येतं, त्यालाच तो पुन्हा बळावणार नाही असं खात्रीने म्हणता येतं.

जुन्या लसींमध्ये याचं सरळ उत्तर देणारीही एक आहे. गुरांच्या फाशी (अँथ्रॅक्स) रोगावरची. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी या जंतूचा असा वाण निवडला, ज्याच्या अंगावर कवच येतच नाही. कवच नसलं की शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला सहज गिळतात. कवचाची जनुकं डीएनएच्या ज्या एका सुट्या कडीवर असतात, ती अख्खी कडीच त्याने गमावलेली आहे हे नंतर कळलं. एखादं अक्षर बदललं असतं तर ते उलट फिरून जागेवर येऊ शकलं असतं. अख्खी कडीच गेलेल्या जिवाणूला ती घरबसल्या परत मिळत नाही. फाशीची लस म्हणून हा वाण आजही जगभर वापरतात.

बीसीजीची गोष्ट एस-१९ च्या जवळची. पाचगणीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं, मिरजेजवळच्या वानलेसवाडीत निघालं, ती औषधं नसण्याच्या काळातली. चांगली हवा, दूध-अंडी, विश्रांती आणि नशीब. त्याच सुमाराला फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ हे दोघे गाईचा क्षयजंतू ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्यावर, बैलाचं पित्त घालून वाढवत होते. १९०८ ला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी नव्या बटाट्यावर लावायचा. मध्ये पहिलं महायुद्ध झालं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काम थांबलं नाही. तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा असं केल्यावर तो जंतू कुठल्याच प्राण्याला क्षय करेनासा झाला, आणि १९२१ मध्ये पॅरिसमधल्या एका तान्ह्या बाळाला तो पहिल्यांदा दिला गेला. पुढे नव्वदच्या दशकात जनुकं वाचता आली तेव्हा बटाट्यावर काय घडलं होतं ते दिसलं. आरडी-१ म्हणून ओळखला जाणारा एक पट्टाच्या पट्टा गळून गेला होता. पेशीतून बाहेर पडण्यासाठी क्षयजंतू जी हत्यारं वापरतो, ती या पट्ट्यात असतात.

अख्खा पट्टा गेला म्हणून बीसीजी उलटून पुन्हा बळावत नाही. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेक गावी सुमारे अडीचशे बाळांना ही लस पाजल्यावर सत्तरहून जास्त बाळं दगावली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की जंतू उलटला. तपासात निघालं भलतंच. लस जिथे तयार केली त्याच प्रयोगशाळेत खरा क्षयजंतूही ठेवलेला होता आणि तो लशीत मिसळला होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे तपशिलात सांगते. जिवाणू निर्दोष ठरला म्हणून त्या आयांचं दुःख कमी झालं नाही. जिवंत वस्तू हाताळायची तर खोली वेगळी, कपाट वेगळं, माणसं वेगळी, हा नियम त्या बाळांच्या जिवावर शिकला गेलाय.

वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, जनुक काढलेला जिवाणू बाळाला द्यायचा म्हणजे भीतीचं नाही का?" मी त्यांना डावा दंड बघायला सांगते. तिथला तो वाटोळा व्रण जनुकं गळालेल्या जिवाणूचाच आहे. ती गळाली तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं एवढाच फरक. जे आपोआप झालं ते सोज्वळ आणि जे मुद्दाम केलं ते घातक, ही समजूत मला अजिबात मान्य नाही. मुद्दाम केलेल्याचा हिशेब निदान कागदावर असतो.

अर्थात हिशेब मांडला म्हणजे तो बरोबरच आला असं नव्हे. टायफॉइडची तोंडाने घ्यायची लस, टीवाय-२१-ए, १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये जेर्मानियर आणि फ्यूरर यांनी तयार केली. जंतूवर रसायनाचा मारा करून त्यांनी गॅलॅक्टोज ही साखर धड हाताळता न येणारा वाण निवडला. लस सुरक्षित निघाली, कित्येक वर्षं वापरली गेली. पण रसायनाचा मारा आंधळा असतो, एका जागेवर थांबत नाही. पुढे १९८८ मध्ये दुसऱ्या गटाने त्या दुबळेपणाची जी कारणं मानली जात होती तेवढेच नेमके बदल स्वच्छपणे करून नवा वाण बांधला आणि स्वयंसेवकांना पाजला. त्यातल्या काहींना टायफॉइडसारखा ताप आला! जे कारण मानलं गेलं होतं ते पुरेसं नव्हतं. पटकीच्या जंतूचंही तेच झालं. जुलाबाचं विष बनवणारं जनुक कापून टाकलेले सुरुवातीचे वाण प्यायल्यावरही कित्येक स्वयंसेवकांना हलके जुलाब झालेच. मग वेगळ्या मूळ वाणातून, विषाच्या मुख्य भागाचं ९४ टक्के जनुक काढून तयार केलेला वाण अमेरिकेत लस म्हणून मंजूर व्हायला २०१६ साल उजाडलं. कृष्णेचं पाणी गावात शिरून ओसरलं की क्लोरीनच्या गोळ्या वाटत फिरणाऱ्या आशाताईंकडे बघून मला दरवेळी वाटतं, एका घोटात, थोड्याच दिवसांत काम करणारी अशी लस आपल्याकडच्या पुरासाठी किती उपयोगाची होईल.

या अनुभवांतून शहाणपण आलं ते असं, की दुबळेपणा एका दोरीवर टांगायचा नाही. त्यातली एक दोरी आधीच सापडली होती. १९८१ मध्ये होइसेथ आणि स्टॉकर यांनी साल्मोनेलामधलं असं जनुक बाद केलं, ज्यावाचून त्याला काही आवश्यक घटक स्वतः बनवता येत नाहीत. हे घटक प्रयोगशाळेत बाहेरून देता येतात. प्राण्याच्या अंगात ते मोकळे मिळत नाहीत. त्यामुळे जिवाणू आत शिरतो, एक-दोन पिढ्या वाढतो, प्रतिकारशक्तीला आपली ओळख देतो आणि उपासमारीने संपतो. मला या युक्तीतलं सौंदर्य फार भावतं, कारण त्यात विष नाही, मारामारी नाही. पण इथेच दुसरी अडचण उभी राहते. जिवाणू फारच दुबळा केला तर शरीर त्याची दखलही घेत नाही, तो आतड्यातून निमूट निघून जातो. आत पोचेपर्यंत धडधाकट आणि पोचल्यावर कमकुवत असा तो हवा.

रॉय कर्टिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर आयुष्य घातलं. त्यांच्या गटाने साल्मोनेलाच्या भिंतीचा माल बनवणारी जनुकं अरॅबिनोज नावाच्या साखरेच्या हुकमाखाली ठेवली. प्रयोगशाळेत अरॅबिनोज घालून वाढवायचं, की भिंत पक्की आणि जिवाणू तरतरीत. तो पेशींत शिरतो तेव्हाही तसाच असतो. पण पेशींत अरॅबिनोज मिळत नाही. नवा माल बनणं थांबतं, आणि दर विभाजनागणिक आहे तीच भिंत दोन लेकरांत वाटली जाते, पातळ होत जाते. काही पिढ्यांनी ती फुटते आणि आत भरून ठेवलेली दुसऱ्या रोगाची प्रथिनं नेमकी प्रतिकारशक्तीच्या पुढ्यात सांडतात. मेल्यावर मागे जिवंत काहीच उरत नाही. हे शिकवताना तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं उठत नाहीत.

असे घडवलेले जिवाणू औषध म्हणून वापरायची कल्पना याच वाटेने पुढे आली. दह्या-ताकातला आपला जुना सोबती लॅक्टोकॉकस लॅक्टिस. बेल्जियममध्ये लोथर श्टाइडलर यांच्या गटाने आतड्याची सूज शमवणारं माणसाचं प्रथिन, आयएल-१०, त्याच्याकडून बनवून घेतलं. त्या प्रथिनाचं जनुक त्यांनी वाटेल तिथे घुसवलं नाही. थायमिडीन हा डीएनएचा कच्चा माल बनवणारं जिवाणूचं स्वतःचं जनुक काढून बरोबर त्याच जागी ते बसवलं. आता हा जिवाणू बाहेरून थायमिडीन मिळालं तरच जगतो. वाटेत भेटलेल्या दुसऱ्या जिवाणूकडून हरवलेलं जनुक परत मिळवलंच, तर त्याच जागेवरचं औषधाचं जनुक जातं. क्रोन नावाच्या आतड्याच्या दुखण्याच्या मोजक्या रुग्णांवरची त्याची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजारात औषध म्हणून तो आलेला नाही. तसाच ई. कोलाय निस्ले, १९१७ मध्ये हगवणीच्या साथीत ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या पोटातून मिळालेला. फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारात अंगात साठणारं फिनाइलअॅलनिन आतड्यातच मोडून टाकायला त्याला शिकवलं गेलं, आणि बाहेरून एक घटक मिळाल्याशिवाय वाढता येणार नाही असंही केलं गेलं. रुग्णांवरची मोठी चाचणी २०२४ मध्ये पुरेसा गुण दिसत नाही म्हणून थांबवली. मला याचं वाईट वाटलं. त्या मुलांना जन्मभर डाळ, दूध, अंडी यांपासून लांब राहावं लागतं, आणि त्यांच्या आईवडिलांनी या बातमीकडे डोळे लावले असणार.

आमच्या घरात मात्र जिवंत जिवाणूने काम केलेलं मी पाहिलंय. माझ्या मामांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, वरच्या थरापुरता. गाठ दुर्बिणीतून काढल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी बीसीजीचे डोस सांगितले. आठवड्याला एक असे सहा. मामी मला म्हणाली, "अगं, बाळाला देतात तीच ना ही? या वयात?" जिवाणू तोच, मात्रा कितीतरी मोठी, आणि दंडाऐवजी नळीने थेट मूत्राशयात. मग दोन तास लघवी धरून ठेवायची. औषध सगळ्या बाजूंना लागावं म्हणून मामा या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचे, तोंडाने घड्याळाला शिव्या. त्यानंतर सहा तास प्रत्येक लघवीच्या वेळी बसूनच करायची आणि ब्लीचचं पाणी ओतून पाव तासाने फ्लश. बाहेर पडतोय तोही जिवंतच ना. मामी ब्लीचची बाटली न्हाणीघराच्या दारातच घेऊन बसायची. हा उपचार अल्वारो मोरालेस यांनी कॅनडात १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरच्या अनुभवावरून मांडला. जिवाणू आतल्या अस्तराला चिकटतो, प्रतिकारशक्तीच्या पेशी त्याच्यामागे धावून येतात आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. मामांना प्रत्येक डोसानंतर दिवसभर जळजळ आणि कणकण असायची. आता ते तपासणीला जातात आणि परत येताना मिरजेच्या स्टेशनाजवळ चहा पितात.

बीसीजीत मुद्दाम फेरफार करण्याचे प्रयत्न आपल्या शेजारी, पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सहभागाने झालेत. बर्लिनमध्ये श्टेफान काउफमान यांच्या गटाने तयार केलेला वाण, व्हीपीएम-१००२. पेशीच्या ज्या कप्प्यात बीसीजी अडकून बसतो तिथलं आम्ल निववणारं यूरिएजचं जनुक त्यातून काढलं आणि लिस्टेरिया या दुसऱ्या जिवाणूचं, आम्लातच काम करणारं, कप्प्याला भोकं पाडणारं प्रथिन घातलं. कप्पा फुटला की प्रतिकारशक्तीला जंतूची ओळख जास्त खोलवर पटते. इथे मी विद्यार्थ्यांना थांबवते. काढणं वेगळं आणि घालणं वेगळं. रोगकारक जिवाणूचं हत्यार लसीत घालायचं तर चाचण्या जास्त, सावकाश आणि उघड झाल्या पाहिजेत. त्या सुरूही झाल्या. क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांवर त्याची मोठी चाचणी आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झाली. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर बीसीजीचा उपयोग दिसला नव्हता, त्यामुळे नव्या वाणाची गरज आपल्याइतकी कुणाला असणार?

आणि एक गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे, ती आपल्या भागातल्या घराघरांत सांगायला हवी. जिवाणू किती दुबळा हे समोरच्या शरीरावरही ठरतं. क्वचित एखादं बाळ प्रतिकारशक्तीच्या मुळातच मोठी कमतरता घेऊन जन्मतं. अशा बाळात बीसीजीचा दुबळा जंतूही अंगभर पसरतो आणि जिवावर बेततं. अशी कमतरता पुष्कळदा आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं की उमटते, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. व्हीपीएम-१००२ प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत बीसीजीपेक्षा सौम्य निघाला, यातून माझी आशा वाढली ती या बाळांसाठी. तोवर करण्यासारखं एवढंच आहे. बीसीजी बाळाला जन्मतःच दंडात दिली जाते, ती बाकी सगळ्यांसाठी उत्तम आहे आणि चुकवू नये. पण घरातलं आधीचं तान्हं बाळ पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, जुलाब, तोंडातला न हटणारा पांढरा थर होऊन गेलं असेल, किंवा बीसीजीनंतर त्याच्या काखेत मोठी गाठ येऊन ते खंगलं असेल, तर बाळंतपणाच्या वेळीच हे डॉक्टरांच्या कानावर घाला. आजी सांगायला लाजते, सून नवी असते, आणि बोलायचं राहून जातं. रक्ताची तपासणी होईपर्यंत ते बीसीजी थोडी पुढे ढकलू शकतात.